मधुकरचे आजचे वय काढा

वासुदेवराव गुरुजींचं गणिताचं पुस्तक गावात सगळ्यांत आधी नीट वाचलं ते मी. त्यात विद्येची आवड वगैरे काही नव्हतं. पुस्तक विकायला माझ्या दुकानात ठेवलं होतं, आणि फळीवरचा माल आतून किडका आहे की साजरा हे पाहिल्याशिवाय तो गिऱ्हाइकापुढे करायची आमच्या घराण्याची रीत नाही. मग ती तुरीची डाळ असो की अंकगणित. तरीसुद्धा त्यातलं एकतिसावं उदाहरण माझ्या नजरेतून सुटलं, आणि त्या उदाहरणापायी बबनरावांच्या मधुकरचं जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली.

दुकान आमचं किराण्याचं. पवनार मागे टाकून धाम नदीच्या काठानं पुढे आलं की गाव लागतं. एस.टी. थांबते तिथं दुकान आणि दुकानासमोर शाळा. त्यामुळे पाट्या, पेन्सिली, वह्या मीच विकायचो आणि गुरुजींचं शिकवणं दिवसभर फुकटात ऐकायचो.

गुरुजी जुन्या अंकगणितावर वाढलेले, आणि पोरांनाही त्यांनी त्याच खुराकावर वाढवलं. सरकारनं आणे-पै काढले, शेर-छटाक काढले, मग पुस्तकातून पावकी, निमकी, अडीचकी, औटकी सगळंच काढून टाकलं. गुरुजींनी यातलं काहीही काढलं नाही. शाळा सुटायच्या आधी सगळ्या वर्गांना पटांगणात उभं करून ते औटकी म्हणून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो म्हणताना चुकलं की कान पिळायचे, आणि बरोबर आला तर पुढच्या वेळी चुकू नये म्हणून पिळायचे.

त्या जुन्या पुस्तकांची एक रीत होती. आधी एक उदाहरण सोडवून दाखवायचं, मग तशीच वीस पोरांच्या अंगावर टाकायची, आणि शेवटच्या पानांवर बारीक टाइपात सगळ्यांची उत्तरं. पोरांनी गणित पुढून सोडवायचं आणि मागून तपासायचं. मागच्या पानाशी जमलं की काम संपलं. जे विचारलं तेवढंच काढायचं. एखाद्यानं हौसेनं जास्तीचं काही काढून दाखवलं तर गुरुजी म्हणायचे, "हे तुले कोणं इचारलं होतं?"

पुस्तकातली माणसंही ठरलेली. एक गवळी असायचा, तो दुधात पाणी टाकायचा. एक व्यापारी असायचा, त्याला प्रत्येक मालात शेकडा वीस नफा व्हायचा; ते वाचून आमच्या वडिलांचा जीव तुटायचा. मजूर असायचे, ते ठरल्या दिवशी भिंत पुरी करायचे, त्यांच्यात कोणाला ताप यायचा नाही की कोणाची सासू मरायची नाही. आणि एक हौद. वरून दोन नळ भरून राहिलेत, खालून एक नळ रिकामा करून राहिलाय. आमच्या शाळेत एका पोरीनं विचारलं होतं, "गुर्जी, खालचा नळ काऊन बंद नाई करत ते लोक?" गुरुजी म्हणाले, "बंद केला तं उदाहरण संपन. बस खाली."

मग नवीन गणित आलं. त्यात महिरपी कंसात पेरू, केळी, आंबा असे कोंडून ठेवलेले असायचे आणि त्याला संच म्हणायचे. मी एकदा आमच्या घरच्या पोरीची वही पाहून विचारलं, "याची बेरीज किती?" ती म्हणाली, "बाबाजी, बेरीज नाई करायची. नुसता पाह्यचा." नुसता पाहायचा माल मी दुकानात ठेवत नाही, पण सरकारचं दुकान वेगळं.

गुरुजींना हे काही रुचलं नाही. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी ठरवलं, आपणच पुस्तक काढायचं. जुन्या तऱ्हेचं, पण माणसं आपल्या गावची. "रामानं आंबे आणले म्हटलं तं पोट्टे जांभया देतात," ते म्हणाले, "पण नानाजीनं आणले म्हटलं की कान टवकारतात." वर्ध्याच्या एका छापखान्यात पुस्तक छापून आलं, 'आपल्या गावाचे अंकगणित'. त्या छापखान्यात लग्नपत्रिकांशिवाय दुसरे ठोकळे नव्हते. म्हणून मुखपृष्ठावर गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, आणि खाली हळदीकुंकवाच्या रंगात 'इयत्ता पाचवी ते सातवी'.

गुरुजींनी नावं घातली, पण कोणाला विचारून घातली नाहीत. त्याचा निकाल आठ दिवसांतच माझ्या ओट्यावर लागायला लागला.

पहिले आले नानाजी. गावातल्या निम्म्या घरांना दूध घालणारे. पुस्तक उघडं धरून म्हणाले, "शेठ, हे काय छापलं? म्हणे नानाजीनं चार लिटर दुधात एक लिटर पाणी टाकलं. एवढं टाकतो काय मी?"

"मग किती टाकता?" गुरुजी शेजारीच बसले होते. त्यांनी खिशातून पेन काढला. "सांगा, दुरुस्ती करतो."

नानाजींनी पुस्तक मिटलं, फळीवर नीट उभं करून ठेवलं आणि निघून गेले.

रुख्माबाई वेगळ्याच कारणानं रागावल्या. गावातल्या प्रत्येक लग्नात भाकरी थापायला त्या पुढे, आणि भाकरीच्या उदाहरणात गुरुजींनी नाव घातलं दुसऱ्याच बाईचं. "तिची भाकर नकाशासारखी," रुख्माबाई म्हणाल्या. "अन् पुस्तकात थे! वाचता येत नाई म्हणून काय मले समजत नाई?"

गुरुजी खूश होते. पुस्तक खपत होतं. आपलं नाव कुठं आहे हे पाहायला माणसं येत, आणि दुसऱ्याचं काय लिहिलंय ते पाहून विकत घेत.

आता मधुकरकडे येतो.

बबनरावांचा मधुकर हा गुरुजींचाच विद्यार्थी. घरची कपाशी आणि तूर सांभाळणारा, बोलायला कमी, कामाला बरा. त्याची दोन स्थळं आधी अशीच विरून गेलेली. तिसरं आलं ते जामचं. तिथले अण्णाजी म्हणून शेतकरी, त्यांची नात मंदा, मॅट्रिक झालेली. मंदाचे वडील लवकर गेलेले, त्यामुळे सगळा शब्द अण्णाजींचा. मधुकर पोरगी पाहून आला आणि घरी काहीच बोलला नाही. आनंदाबाई, म्हणजे त्याची आई, काळजीत पडल्या. मी त्यांना सांगितलं, "काळजी करू नका, पसंत आहे." तुम्हाला कसं कळलं, तर महिनाभर पुरणारं दाढीच्या पात्याचं पाकीट पोरानं आठवड्यात संपवून दुसरं नेलं होतं. शेतात तुरीला दाखवायला कोणी रोज दाढी करत नाही.

दुकानदाराला गावाची अशीच माहिती असते. वयाचंही तसंच. कोणाच्या घरी कधी बाळंतपण झालं ते डिंक, खारीक आणि गोडंबी कधी गेली त्यावरून मला सांगता येतं. त्या हिशेबानं मधुकर अठ्ठावीसचा. बबनरावांनी जामला सांगितलं होतं पंचवीस. याला मी खोटं म्हणत नाही. लग्नाच्या बोलाचालीत तीन वर्षांची सूट प्रत्येक घर देतं, जशी मी दिवाळीत देतो. समोरच्यालाही ते माहीत असतं आणि तोही देतो. पण त्याला एक मर्यादा असते.

पोरगी पसंत, हुंड्याची बात नाही, साक्षगंधाची तारीख तेवढी काढायची होती. त्याआधी अण्णाजी घर पाहायला आमच्या गावी आले. उंच, वाळके, पांढरी टोपी, हातात छत्री. घर पाहिलं, विहीर पाहिली, गोठा पाहिला, आणि परतीच्या गाडीची वाट पाहत माझ्या बाकावर येऊन टेकले. तिथं त्यांची नजर पुस्तकावर गेली.

"हे कोणाच्या लग्नाचं हो?"

"लग्नाचं नाही अण्णाजी, अंकगणित आहे."

"अंकगणित?" म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले की मला वाटलं मी चुकून पेढा म्हणालो. "जुनं की ते नवीन संचाचं?"

"जुनं. नळ, हौद, गवळी सगळं आहे."

"मागं उत्तरं हायेत?"

"आहेत."

"मंग द्या."

हा माणूस चौथी शिकलेला, पण त्या चौथीवर आजवर जगलेला. पावकीपासून औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ. त्यांना पुस्तक मी हसत हसत दिलं. माझा धंदाच तो.

चार दिवसांनी बबनराव धावत दुकानात आले. हातात पोस्टकार्ड. ते त्यांनी माझ्यासमोर असं धरलं जसं काही मीच लिहिलंय. त्यावर तीनच ओळी होत्या. साक्षगंधाची घाई करू नये. मुलाचे वय छत्तीस असल्याचे समजले. उदाहरण ३१ पाहावे.

मी पुस्तक काढलं. उदाहरण ३१ असं होतं:

"बबनराव आणि त्यांचा मुलगा मधुकर यांच्या वयांचे गुणोत्तर आज ४ : ३ आहे. बारा वर्षांपूर्वी ते ३ : २ होते. तर मधुकरचे आजचे वय काढा."

मागची पानं उलटली. ३१ च्या पुढे, बारीक टाइपात, छत्तीस वर्षे.

"बोलवा गुर्जीले!" बबनराव ओरडले. बोलवायची गरज नव्हती. मधली सुट्टी झाली होती आणि गुरुजी रस्ता ओलांडून चहालाच येत होते.

"गुर्जी, माह्या पोराले म्हातारा करून टाकला तुमी!"

गुरुजींनी कार्ड वाचलं, उदाहरण वाचलं, आणि आश्चर्यानं बबनरावांकडे पाहिलं. "अहो, ते उत्तर पूर्णांकात यावं म्हणून आकडे तसे घेतले. तुमची खरी वयं घेऊन काय करू? त्रेपन्नास अठ्ठावीस, हे काय गुणोत्तर झालं? याले काही भाग जाते काय?"

"हळू बोला ना जी! अठ्ठावीस काय, पंचवीस!"

"पंचवीसनंही भाग जात नाही."

"गुर्जी, माह्यं घर बसून राह्यलं अन् तुमी भागाकार करून राह्यले!"

मधुकर तोवर मागे येऊन उभा राहिला होता. गाल गुळगुळीत. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "आपण जामले जाऊ. मी बी येतो."

मुलानं स्वतः जायचं ही पद्धत नव्हती. बबनरावांनी डोळे मोठे केले. पण पोरानं तोंड उघडलं होतं याचंच आम्हाला एवढं नवल की कोणी नाही म्हटलं नाही.

रविवारी आम्ही निघालो. बबनराव, मधुकर, गुरुजी आणि मी. मी कशाला, तर पुस्तक माझ्या दुकानातून गेलं म्हणून. वाटेभर बबनरावांनी गुरुजींना पढवलं, "तिथं गेल्यावर एकच सांगजा, की पुस्तकातलं सारं खोटं होय. बाकी काई बोलू नका." गुरुजी मान हलवत होते, पण 'खोटं' हा शब्द आला की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. मला तेव्हाच शंका आली.

जामला उतरलं की चौरस्ता. ट्रक, ढाबे, पंक्चरवाले, पानठेले. अण्णाजींचं घर त्याच्या मागच्या गल्लीत, समोर मोठा कडुनिंब. म्हातारा ओट्यावर बसूनच होता. मांडीवर पुस्तक, आणि त्यात जागोजागी कडुनिंबाच्या काड्या खुणेला घातलेल्या.

"या," ते म्हणाले. पाणी आलं. गाडी कशी मिळाली, गर्दी होती काय, यंदा बोंडं कशी आहेत, असं सगळं झालं. मग अण्णाजींनी पुस्तक उघडलं.

"गुर्जी, पुस्तक लय साजरं हाये. नानाजी गवळ्याचं उदाहरण तं मी दोनदा केलं. आमच्या काळच्या पुस्तकातला गवळी बी एवढंच पाणी टाकत होता."

"ते काल्पनिक आहे," गुरुजी म्हणाले.

"कोण, गवळी?"

"पाणी."

"काऊन? नानाजी नाई टाकत पाणी?"

गुरुजींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. खोटं कसं सांगणार?

"मंग," अण्णाजींनी काडी घातलेलं पान काढलं, "हे एकतीस. मी एस.टी.तच सोडवलं. हे पाहा. गुणोत्तर चारास तीन. पोराचे तीन भाग. बारा वर्षांआधी दोन भाग. म्हणजे बारा वर्षांत एक भाग वाढला. एक भाग बाराचा. तीन भाग छत्तीस. मागं पाह्यलं, छत्तीस. चुकलो काय?"

"अजिबात नाही," गुरुजी म्हणाले. "रीतही बरोबर आहे. बऱ्याच पोरांना ही रीत जमत नाही."

बबनरावांनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"पण अण्णाजी," गुरुजी सावरून म्हणाले, "ते नुसतं उदाहरण हाये. त्याचं मनावर घेऊ नका."

"म्हणजे पुस्तक चुकीचं हाये?"

इथं गुरुजींनी 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. पण माझी शंका खरी ठरली. तो माणूस ताठ झाला आणि म्हणाला, "माह्या पुस्तकात एकबी उत्तर चुकीचं निघालं तं मी शिकवणं सोडून देईन!"

"बस," अण्णाजी म्हणाले. "मंग पोरगा छत्तीसचा. आमची मंदा एकोणीसची. नाई जमत."

बबनरावांनी कपाळावर हात मारला. मग शाळेचा दाखला आणतो म्हणाले. अण्णाजी म्हणाले, "दाखल्याचं काय सांगता! आमच्या गावात अर्धे लोक एक जूनले जन्मले. मास्तरनं पोट्टा पाह्यला, हात डोक्यावरून कानाले लावून पाह्यला, अन् देली तारीख. गणितात तसं चालत नाई. तिथं सोडवून पाह्यता येते."

म्हाताऱ्याचं चुकत होतं असं मला म्हणवेना. आम्ही सगळे त्याच पुस्तकांवर शिकलेलो. छापलंय म्हणजे आहे, मागच्या पानाशी जमलं म्हणजे खरं आहे, आणि खरं आहे म्हटल्यावर पुढे विचारायचं काय? मी मधुकरकडे पाहिलं. तो दाराकडे पाहत होता. दाराच्या आत बांगड्या वाजल्या आणि चहाच्या कपबश्यांचं ताट घेऊन मंदा बाहेर आली.

तिनं सगळ्यांना चहा दिला. मधुकरला देताना बशीत थोडा सांडला. मग आत जायच्या ऐवजी ती खांबाशी उभी राहिली.

"आबाजी, यकतीसावं मी बी केलं."

"मंग? छत्तीसच आलं ना?"

"छत्तीसच आलं. अन् बापाचं किती आलं?"

"कोणाच्या?"

"या काकाजीचं." तिनं हनुवटीनं बबनरावांकडे दाखवलं.

अण्णाजींनी पुस्तक पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. "ते इचारलंच नाई. मधुकरचे आजचे वय काढा, एवढंच हाये."

"इचारलं नाई म्हणून काढायचं नाई काय?"

गुरुजींची बशी तोंडाशी थांबली. आयुष्यभर ज्या पोराटोरांना त्यांनी 'कोणं इचारलं होतं' म्हणून खाली बसवलं, त्यांतली एक जशी इथं जामला खांबाला टेकून उभी होती.

"आता पाहा," मंदा म्हणाली. "एक भाग बाराचा, हे तुमीच काढलं. पोराचे तीन भाग, बापाचे चार. म्हणजे बाप पोराहून कितीक भागानं मोठा?"

"एका."

"एक भाग म्हणजे?"

"बारा," अण्णाजी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग बबनरावांकडे, त्यांच्या मिशांकडे, आणि पुन्हा पुस्तकाकडे.

"बाराव्या वर्षी बाप झाले तुमी?"

"अजी नाही हो!" बबनराव जवळजवळ उठलेच. "बाराव्या वर्षी मी म्हशी राखत होतो!"

सगळ्यात आधी हसला तो मधुकर. मग मी. मग म्हातारा असा हसायला लागला की टोपी मांडीवर पडली. चौरस्त्यावर एका ट्रकनं हॉर्न दिला तोसुद्धा ऐकू आला नाही. गुरुजी तेवढे हसले नाहीत. ते बोटांवर मोजत होते. चार भाग, अठ्ठेचाळीस. वजा छत्तीस. बारा. पुन्हा मोजलं, पुन्हा बाराच.

"उत्तर बरोबर हाये," ते हळूच म्हणाले.

"उत्तर बरोबरच हाये गुर्जी," मंदा म्हणाली. "माणसं चुकली."

"अठ्ठेचाळीस," बबनराव माझ्या कानाशी पुटपुटले. "मले अठ्ठेचाळीसचं दाखवलं काय? मंग माह्यं राहू दे, नुसतं पोराचं बदलवा."

अण्णाजींनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. हसणं पुसलं. मला वाटलं आता संपलं, साक्षगंधाची तारीख निघणार. पण म्हातारा पक्का होता. "ठीक हाये. पुस्तकातला मधुकर खोटा. मंग खरा कितीचा? आता छापलेलं नको. तोंडानं सांगा."

बबनरावांनी घसा साफ केला. "पंच..."

"आठ औट," मधुकर म्हणाला.

बबनरावांना कळलं नाही. त्यांनी पाढे केव्हाच सोडून दिलेले. मला कळलं, आणि गुरुजींनी तर डोळेच मिटून घेतले. अण्णाजींचे ओठ हलायला लागले. सहा औट एकवीस, सात औट साडेचोवीस, आठ औट...

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "पोरा, तुले औटकी येते?"

"गुर्जीनं शिकवली."

"साडेतेरा औट सांगता येते?"

"आबाजी, चहा थंडा होऊन राह्यला," मंदा म्हणाली.

बबनराव मात्र घामाघूम झाले होते. ठरवून सांगितलेली तीन वर्षं पोरानं भर ओट्यावर परत देऊन टाकली होती. म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू गंभीर होत चालला. औटकी आली ते ठीक, पण पंचवीस सांगून अठ्ठावीस निघाले हेही खरं होतं. "बबनराव," ते म्हणाले, "तुमी तं आमाले पंचवीस सांगितलं होतं. एकोणीसच्या पोरीले..."

"आबाजी, मी अकरा दुणेची हाये," मंदा म्हणाली.

आता घाम पुसायची पाळी अण्णाजींची होती. त्यांनी छत्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तुले कोणं इचारलं होतं?" ते नातीवर गुरगुरले.

"कोणंच नाई. म्हणूनच सांगून राह्यली."

मी हिशेबाचा माणूस. मला राहवलं नाही. "अण्णाजी," मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं एकोणीस, यांनी सांगितलं पंचवीस. फरक किती?"

"सहा."

"आता निघाले बावीस आणि अठ्ठावीस. फरक?"

म्हातारा थांबला. हे उत्तर मागच्या पानावर नव्हतं, त्यामुळे स्वतःच दोनदा तपासावं लागलं. "सहाच," ते म्हणाले.

"मग तुमचं नुकसान काय झालं? दोन्हीकडून सारखंच कापलं होतं, दोन्हीकडून सारखंच परत आलं."

"दोन वयांमधला फरक कधी बदलत नाही," गुरुजी डोळे उघडून म्हणाले. "मी दर वर्षी सातवीले हे फळ्यावर लिहून देतो." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "पण त्याचा असा उपयोग असन, हे मले माहीत नव्हतं."

अण्णाजींनी पंचांग मागवलं.

लग्न उन्हाळ्यात झालं. पत्रिका वर्ध्याच्या त्याच छापखान्यात छापल्या, त्याच ठोकळ्यांवर. तोच गणपती, तेच केळीचे खांब. अर्ध्या गावानं पाकीट उघडलं तेव्हा त्यांना वाटलं गुरुजींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि नानाजी तर पत्रिका उलटसुलट करून आपलं नाव कुठं छापलंय का ते शोधत माझ्याकडे आले. भाकरी रुख्माबाईंनी थापल्या. पंगतीत अण्णाजी वाढायचं सोडून पाहुण्यापाहुण्याजवळ थांबत आणि विचारत, "चारास तीन, बारा वर्षांआधी तिनास दोन, सांगा पोरगा कितीचा?" पाहुणा छत्तीस म्हणाला की ते म्हणत, "अन् बाप?" आणि मांडवात बबनराव कुठं आहेत ते बोटानं दाखवत. बबनरावांनी शेवटी आपली पंगत स्वयंपाकघरात लावून घेतली.

दुसरी आवृत्ती खरंच निघाली, पुढच्या वर्षी. त्याचे कच्चे छापील कागद गुरुजी आधी मंदाकडे घेऊन गेले. तिनं त्यातला एक हौद काढून टाकला, कारण त्याचा खालचा नळ वरच्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा मोठा होता आणि हौद भरायला कधी सुरुवातच होत नव्हती. भाकरीच्या उदाहरणात रुख्माबाई आल्या. नानाजींचं पाणी गुरुजींनी स्वतःच्या अधिकारात निम्म्यावर आणलं, त्यावर नानाजींनी हरकत घेतली नाही, पण आभारही मानले नाहीत.

आणि एकतिसावं उदाहरण बदललं. त्यात आता बाप नाही. मधुकर आणि मंदा यांच्या वयांत सहा वर्षांचा फरक आहे, तर वीस वर्षांनंतर तो किती असेल, असं आहे. पोरांना ते फार सोपं वाटतं. पण त्याखाली गुरुजींनी एक ओळ वाढवली आहे, जुन्या कुठल्याही पुस्तकात नसलेली: "याखेरीज आणखी काय काढता येईल ते स्वतः काढा." त्याचं उत्तर मागच्या पानावर नाही. पोरं येतात, मागची पानं उलटतात, आणि मला विचारतात, "शेठ, हे पान गायब हाये काय?"

मी म्हणतो, "नाही. जा, मंदावहिनीले इचारून येजो."